‘बंद’ म्हणजे नेमकं काय बंद? : प्रिंटर, रांग आणि आज्ञा

(नागपुरात ज्येष्ठ नागरिक आणि विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



फळ्यावरचा विषय वाचून पुढच्या रांगेतल्या एका ताईंनी मला आत्ताच विचारलं, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे प्रिंटरचं मध्येच काय काढलंत?’ प्रश्न रास्त आहे. मी काही संगणकातला माणूस नाही. निवृत्त होईपर्यंत तर्कशास्त्र शिकवलं. पण तर्कशास्त्राच्या मास्तराला एका प्रिंटरने जो धडा दिला, तो सांगितल्याशिवाय विषय सुरूच होणार नाही. तेव्हा आधी तेवढं ऐका.

साल २००९. आमच्या विभागात एक संगणक होता. संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने त्याच्यावर लिनक्स बसवून दिलं होतं. महाविद्यालयाचं नाव नको, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. शनिवारी दुपारी मी एम.ए.च्या अंतर्गत परीक्षेचा पेपर टाइप केला आणि छापायची आज्ञा दिली. मग लक्षात आलं की चौथ्या प्रश्नात गफलत आहे. कागद अजून बाहेर यायचा होता. मी काय केलं? उठलो आणि प्रिंटरचं बटण बंद केलं. झालं, थांबलं. पेपर दुरुस्त करायचं काम सोमवारवर टाकलं आणि घरी गेलो.

सोमवारी सकाळी आमच्या विभागातले ज्येष्ठ शिपाई, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणत असू, त्यांनी नेहमीसारखी साफसफाई केली आणि एकेक बटण सुरू केलं. संगणक लागला, प्रिंटर लागला, आणि कोणी काही न सांगता प्रिंटरने कागद काढायला सुरुवात केली. माझा पेपर. विभागाच्या सामायिक खोलीत, परीक्षेच्या तीन दिवस आधी. नशीब माझं की भाऊ होते. त्यांनी कागद पालथे केले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मी येईपर्यंत हातातून सोडले नाहीत. मला देताना म्हणाले, ‘सर, मशीन तर बंद केली होती न तुम्ही? मंग हे निघालं कुठून?’

मला उत्तर देता आलं नाही. पेपर नव्याने काढावा लागला ते वेगळंच. पण भाऊंचा प्रश्न डोक्यात राहिला. मी बंद केलं होतं, हे खरं. कागद निघाला, हेही खरं. मग मी बंद केलं ते काय? आज आपण त्याचंच उत्तर शोधणार आहोत.

कशाचा अभाव, कुठे अभाव

आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेत ‘अभाव’ हा एक स्वतंत्र पदार्थ मानलेला आहे, सातवा. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त सात पदार्थांची यादी आहे आणि तिच्यात तो शेवटी येतो. नैयायिक एक शिस्त पाळतात. नुसतं ‘नाही’ असं म्हणायला ते तयार नसतात. ‘नाही’ म्हटलं की ते लगेच दोन प्रश्न विचारणार. काय नाही? आणि कुठे नाही? जे नाही त्याला ते ‘प्रतियोगी’ म्हणतात आणि जिथे नाही त्याला ‘अधिकरण’. जमिनीवर घडा नाही, असं पूर्ण सांगा. अर्धवट ‘नाही’ला अर्थ नाही.

‘बंद’ हा शब्दसुद्धा अभावाचाच शब्द आहे. दुकान बंद, नळ बंद, रस्ता बंद, भारत बंद. प्रत्येक ठिकाणी काहीतरी नाही, पण प्रत्येक ठिकाणी जे नाही ते वेगळं. आता प्रिंटरला हेच दोन प्रश्न लावा. प्रिंटर बंद आहे, म्हणजे काय नाही, आणि कुठे नाही?

उत्तरं तीन निघतात. पहिलं, यंत्रात वीज नाही. हे भिंतीवरच्या बटणाचं बंद. दुसरं, रांगेतली कामं यंत्राकडे जात नाहीत. हे छपाईचं बंद. तिसरं, रांगेत नवीन काम घेतलंच जात नाही. हे स्वीकाराचं बंद. वीज यंत्रात असते, पण रांग यंत्रात नसते, ती संगणकात असते. मी शनिवारी वीज तोडली. रांगेला मी हातही लावला नव्हता. माझा पेपर संगणकाच्या डिस्कवर जसाच्या तसा वाट बघत बसला होता.

या रांगेला संगणकवाले ‘स्पूल’ म्हणतात. स्पूल म्हणजे रीळ, आपली बॉबिन. नागपूरकरांना बॉबिन समजावून सांगायला नको. १८७७ सालापासून एम्प्रेस मिल ज्या गावात उभी होती ते हे गाव. सूत कातणारा आणि विणणारा यांचा वेग वेगळा असतो, म्हणून मध्ये रीळ लागतं. तसंच हे. तुम्ही छापायला सांगता ते क्षणात, प्रिंटर छापतो ते सावकाश. म्हणून मध्ये रांग ठेवली. तुमच्या मजकुराची एक नक्कल या रांगेत जाऊन बसते. मूळ फाइल तुम्ही पुसून टाकली तरी ती नक्कल तिथे राहते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी राहते. हे मला २००९ साली माहीत नव्हतं.

चार आज्ञा

आता प्रत्यक्ष काम. लिनक्सवर आणि ॲपलच्या मॅकवर छपाईचा कारभार बहुतेक ठिकाणी एकच व्यवस्था बघते. तिचं नाव ‘कप्स’, म्हणजे कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टिम. मायकेल स्वीट या गृहस्थांनी १९९७ साली तिचं काम सुरू केलं, १९९९ साली ती लोकांच्या हाती आली, २००२ साली ॲपलने ती मॅकमध्ये घेतली आणि २००७ साली तिचे हक्क विकत घेतले. ती मुक्त आहे, म्हणजे कोणीही वापरावी, कोणीही आतून तपासावी.

आज्ञा देण्याची जागा म्हणजे टर्मिनल, ती काळी खिडकी. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. आज्ञा मी तोंडी सांगतो. लिहिताना त्या रोमन लिपीत, सगळ्या लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहायच्या. म्हणजे कप्सची सी, यू, पी, एस ही चार अक्षरं आणि त्यांना चिकटून पुढचा शब्द. त्यानंतर एक जागा सोडून प्रिंटरचं नाव.

आज्ञा चारच आहेत, आणि त्यांच्या जोड्या आहेत दोन.

पहिली जोडी छपाईची. ‘कप्सडिसेबल’ म्हणजे या प्रिंटरकडे कामं पाठवणं थांबव. ‘कप्सएनेबल’ म्हणजे पुन्हा पाठवायला लाग.

दुसरी जोडी स्वीकाराची. ‘कप्सरिजेक्ट’ म्हणजे या प्रिंटरसाठी नवीन काम घेऊ नकोस. ‘कप्सॲक्सेप्ट’ म्हणजे घ्यायला लाग.

भिंतीवरच्या विजेच्या बटणासाठी यात आज्ञा नाही, हे ध्यानात घ्या. वीज तोडणं हे या व्यवस्थेचं काम नाही. तेव्हा कोणी म्हणालं की ‘मी कमांड लाइनवरून प्रिंटर बंद केला’, तर दहापैकी नऊ वेळा त्याने यंत्र बंद केलेलं नसतं. त्याने एकतर रांगेचं पुढचं दार लावलेलं असतं किंवा मागचं.

ही दोन्ही दारं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, म्हणून चार अवस्था होतात.

दोन्ही उघडी असली तर रोजचा व्यवहार. काम येतं, छापून जातं.

स्वीकार सुरू आणि छपाई बंद. म्हणजे ‘या, बसा, साहेब जेवायला गेलेत.’ कामं येत राहतात, साठत राहतात. छपाई सुरू केली की सगळी एकामागून एक बाहेर पडतात.

स्वीकार बंद आणि छपाई सुरू. म्हणजे बँकेचं शटर अर्धं खाली. आत आहेत त्यांचं काम होईल, नवीन कोणी येऊ नका. रांग हळूहळू रिकामी होते.

दोन्ही बंद. नवीन येत नाही, जुनं सरकत नाही. पण लक्षात ठेवा, जुनं अजून आहे! दोन्ही दारं लावली म्हणून आत बसलेली माणसं नाहीशी होत नाहीत.

मला शनिवारी ज्या आज्ञेची गरज होती ती या चारांत नाहीच. मला काम रद्द करायचं होतं. त्याची आज्ञा ‘कॅन्सल’. तिच्यापुढे आडवी रेघ आणि ए, मग प्रिंटरचं नाव लिहिलं की त्या प्रिंटरची सगळी कामं रद्द होतात. मजकूर गोपनीय असेल तर आणखी एक आडवी रेघ आणि एक्स जोडायचं. कारण नुसतं रद्द केलं तरी मजकुराची नक्कल काही काळ डिस्कवर ठेवलेली असू शकते. एक्सने तीही पुसली जाते. पेपर काढणाऱ्या मास्तरांनी हे वहीत लिहून घ्या.

नैयायिकांच्या भाषेत सांगू? रांगेत थांबलेल्या कामाची छपाई अजून झालेली नाही, पण होणार आहे. हा ‘प्रागभाव’. त्याला शेवट असतो, आणि माझ्या बाबतीत तो शेवट सोमवारी सकाळी आला. रद्द केलेलं काम होतं, आता नाही. हा ‘प्रध्वंसाभाव’. त्याला सुरुवात आहे, पण शेवट नाही. मला हवा होता प्रध्वंसाभाव आणि मी घडवला प्रागभाव. तीस वर्षं हे दोन शब्द फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाकडून!

आधी स्वार्थ, मग आज्ञार्थ

शाळेतलं मराठी व्याकरण आठवतं का? क्रियापदाचे अर्थ चार. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘प्रिंटर सुरू आहे’ हा स्वार्थ. ‘प्रिंटर सुरू कर’ हा आज्ञार्थ. टर्मिनल आज्ञार्थाची जागा आहे, म्हणून तिथे गेलेला माणूस पटापट हुकूम सोडायला लागतो. माझा सल्ला असा की आधी स्वार्थ साधा. व्याकरणातला, दुसरा नव्हे.

स्वार्थाची आज्ञा आहे ‘एलपीस्टॅट’. तिच्यापुढे आडवी रेघ आणि पी दिलं की छपाईची स्थिती कळते: प्रिंटर रिकामा आहे, छापतोय, की थांबवलेला आहे, आणि केव्हापासून. आडवी रेघ आणि ए दिलं की स्वीकाराची स्थिती कळते. आडवी रेघ आणि ओ दिलं की रांगेत कोणती कामं आहेत ते दिसतं. बघा, इथेही दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं आहेत. ‘सुरू आहे का?’ असा एकच मोघम प्रश्न विचारायची सोय नाही. नैयायिकाने बनवल्यासारखी व्यवस्था आहे.

याचा रोजच्या वापरात मोठा उपयोग होतो. समजा तार सैल झाली किंवा वायफाय गेलं आणि छपाई फसली. अशा वेळी प्रिंटर आपणहून थांबवायचा, असं एक धोरण कप्समध्ये असतं. तुम्ही तार नीट बसवता, यंत्राचा हिरवा दिवा लागतो, तरी कागद येत नाही. माणूस यंत्र दहा वेळा बंद-चालू करतो. छापायची आज्ञा पुन्हा देतो, आणखी पुन्हा देतो. दोष यंत्रात उरलेलाच नसतो. संगणकाच्या वहीत ‘थांबवलेला’ अशी नोंद राहून गेलेली असते. एलपीस्टॅटने ती दिसते, एका कप्सएनेबलने ती पुसली जाते. आणि मग त्या हट्टाने दिलेल्या सातही आज्ञांचे सात संच बाहेर येतात.

या आज्ञा द्यायला अधिकार लागतो. प्रिंटरचा कारभार ज्याच्याकडे सोपवला आहे त्यालाच त्या देता येतात, बाकीच्यांना पासवर्ड विचारला जातो. टर्मिनलची भीती वाटत असेल त्यांच्यासाठी लिनक्सवर बहुधा दुसरी वाट असते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग कोलन, मग ६३१ लिहिलं की कप्सचं पान उघडतं. तिथे हीच दोन दारं वेगवेगळी दिसतील.

विंडोजवाल्यांसाठी एक सावधगिरी. तिथे ‘नेट स्टॉप स्पूलर’ ही आज्ञा अनेक जण वापरतात. ती एक प्रिंटर थांबवत नाही, त्या संगणकावरची अख्खी रांग-व्यवस्थाच थांबवते. गल्लीतला एक नळ बंद करायला गेलो आणि टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला, तसं होतं. एकाच प्रिंटरची छपाई थांबवायची तर त्या प्रिंटरच्या खिडकीत त्यासाठी वेगळी सोय आहे, ती वापरा.

एक शब्द, दोन घरं

कप्सच्या आज्ञांची नावं जुन्या युनिक्समधून आली आहेत, आणि त्यात एक गंमत आहे. युनिक्सची दोन मोठी घराणी होती. एक एटी अँड टीचं, सिस्टिम फाइव्ह. दुसरं कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचं. दोन्ही घराण्यांत छपाई थांबवणं आणि स्वीकार थांबवणं हा फरक ओळखलेला होता. नावं मात्र उलटसुलट पडली.

सिस्टिम फाइव्हमध्ये ‘डिसेबल’ म्हणजे छपाई थांबव. स्वीकार थांबवायला ‘रिजेक्ट’. बर्कलीमध्ये ‘डिसेबल’ म्हणजे रांगेत नवीन काम घेऊ नको! आणि छपाई थांबवायला ‘स्टॉप’. एका घरात शिकलेला माणूस दुसऱ्या घरात गेला आणि सवयीने ‘डिसेबल’ म्हणाला, की त्याच्या मनात होतं त्याच्या नेमकं उलट दार लागायचं. शब्द तोच, लिपी तीच, आज्ञा तंतोतंत पाळली गेली, आणि काम भलतंच झालं.

विटगेनस्टाइनचं ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ १९५३ साली प्रसिद्ध झालं. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात बघा, हा त्यातला विचार मी वर्गात किती वेळा सांगितला असेल. पण विद्यार्थ्यांना पटायचं ते असल्या उदाहरणाने. ‘डिसेबल’चा अर्थ कोशात शोधून मिळणार नाही. तुम्ही कोणत्या घरात उभे आहात यावर तो ठरतो.

कप्सने सिस्टिम फाइव्हचा अर्थ उचलला. मग नावापुढे ‘कप्स’ का लावलं? कारण लिनक्सवर ज्या कवचात आपण आज्ञा लिहितो, त्या बॅशमध्ये ‘एनेबल’ नावाची एक आज्ञा आधीपासूनच आहे आणि तिचा प्रिंटरशी काही संबंध नाही. एका वर्गात दोन मुलांचं नाव एकच असलं की आपण आडनाव लावतो, तसं हे आडनाव.

दार उघडं ठेवायचं केव्हा, लावायचं केव्हा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दोन दारं आहेत हे कळलं. कोणतं केव्हा लावायचं?

इथे आपल्याच राज्यातलं एक खरं क्षेत्र डोळ्यांसमोर ठेवू, न्यायालयं. २००७ सालापासून देशात ई-कोर्ट्स प्रकल्प सुरू आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उबुंटू लिनक्सचा मार्ग निवडला, आणि खटल्यांच्या नोंदी ठेवणारं सीआयएस हे सॉफ्टवेअर एनआयसीच्या पुणे केंद्रात घडलं. उबुंटूवरची छपाई कप्सच बघतं. म्हणजे आज मी सांगतोय ती दोन दारं न्यायालयाच्या टेबलावरच्या संगणकातही आहेत.

आणि न्यायालयात कागदाला किती किंमत असते! निकाल विरोधात गेला. अपील करायचं आहे. निकालाची प्रमाणित नक्कल लागते. अपिलाची मुदत ठरलेली असते. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात जायचं तर तीस दिवस, उच्च न्यायालयात जायचं तर नव्वद दिवस. नक्कल मिळायला उशीर झाला तर पक्षकाराने काय करायचं? १९६३च्या मुदत कायद्याच्या कलम १२ने याचा विचार केलेला आहे. नक्कल मिळवायला जेवढा वेळ लागणं आवश्यक होतं, तेवढा वेळ मुदतीतून वगळला जातो. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की नकलेसाठी अर्ज करण्याआधी न्यायालयाला हुकूमनामा तयार करायला जो वेळ लागला, तो वगळायचा नाही.

म्हणजे कायद्याने काय ओळखलं? नक्कल हातात पडणं वेगळं आणि नकलेचा अर्ज घेतला जाणं वेगळं. अर्ज ज्या तारखेला घेतला गेला ती तारीख पक्षकाराचं रक्षण करते. नक्कल चार दिवस उशिरा छापली तरी त्याचा हक्क शाबूत राहतो. पण खिडकीवर कोणी अर्जच घेतला नाही, ‘आज प्रिंटर बंद आहे, उद्या या’ म्हटलं, तर तो दिवस त्याच्या खात्यातून गेला. तीस दिवसांतला एक. प्रिंटर बंद असेल, जरूर असेल. पण ते मागचं दार आहे. मागचं दार लागलं म्हणून पुढची खिडकी लावायचं काय कारण?

रेशन दुकान घ्या, दवाखाना घ्या, हयातीचा दाखला द्यायला नोव्हेंबरात आपण जातो ते कार्यालय घ्या. ‘मशीन बंद आहे’ हे वाक्य आपण ऐकतो आणि परत फिरतो. यापुढे परत फिरण्याआधी नम्रपणे विचारा: ‘साहेब, मशीन बंद आहे, पण अर्ज घेणं सुरू आहे न? अर्ज घ्या आणि पोच द्या, कागद सावकाश द्या.’ ज्याला दोन दारांचा फरक माहीत आहे तोच हा प्रश्न विचारू शकतो.

उलटी बाजूही तेवढीच खरी आहे. स्वीकार करणं म्हणजे एक प्रकारचं वचन देणं आहे. काम घेतलं, म्हणजे करीन म्हणालो. प्रिंटर कायमचा मोडलाय, दुरुस्त होणार नाही, आणि तरी रांग उघडी ठेवली, तर प्रत्येक येणाऱ्या कामाला आपण खोटं वचन देतोय. पाठवणाऱ्याला वाटतं, गेलं. ते गेलेलं नसतं. अशा वेळी तोंडावर दार लावणं हीच सभ्यता. म्हणून माझा नियम साधा आहे. काम होणार आहे, फक्त उशीर आहे, तर स्वीकार सुरू ठेवा आणि छपाई थांबवा. काम होणारच नाही, तर स्वीकार थांबवा.

टोनर बदलायचाय, पाच मिनिटांचं काम आहे? कप्सडिसेबल द्या आणि त्यात दोन आडव्या रेघा लावून ‘होल्ड’ जोडा. चालू काम पुरं होऊ दिलं जातं, बाकीची थांबून राहतात. टोनर बसला की कप्सएनेबल, दोन आडव्या रेघा आणि ‘रिलीज’. थांबलेली कामं वाटेला लागतात.

प्रिंटर महिनाभर दुरुस्तीला जाणार? आधी कप्सरिजेक्ट. रांगेत उरलेलं छापून होऊ द्या. यंत्र छापायच्या स्थितीत नसेल तर ‘एलपीमूव्ह’ लिहून, आधी या प्रिंटरचं आणि मग दुसऱ्या प्रिंटरचं नाव द्या, सगळी कामं तिकडे जातात. आत आलेल्यांची सोय लावायची आणि मगच दिवा मालवायचा. शेवटी कप्सडिसेबल, आणि त्यानंतर भिंतीवरचं बटण. मी २००९ साली सुरुवातच शेवटच्या पायरीपासून केली होती.

कारण अज्ञात

आता शेवटची गोष्ट, मला सगळ्यात आवडलेली. कप्सडिसेबल आणि कप्सरिजेक्ट या दोन्ही आज्ञांत आडवी रेघ आणि आर देऊन, अवतरणचिन्हांत कारण लिहायची सोय आहे. ‘टोनर मागवला आहे, गुरुवारी येईल.’ कोणी एलपीस्टॅट विचारलं की त्याला ते कारण दिसतं. आणि थांबवताना कारण लिहिलंच नाही तर? मग कप्स स्वतः तिथे लिहितं, ‘रीझन अननोन’. कारण अज्ञात.

मला यात यंत्राचा प्रामाणिकपणा दिसला. ज्याने थांबवलं त्याला कारण माहीत होतं. त्याने सांगितलं नाही, म्हणून ते बाकीच्या सगळ्यांसाठी अज्ञात झालं. यंत्र एखादं कारण बनवून सांगत नाही. ‘सर्व्हर डाउन आहे’ असं ठोकून देत नाही. ज्याने कारण दिलं नाही त्याच्या न देण्याचीच ते नोंद ठेवतं. आपल्याकडे किती दारांवर ही पाटी न लावता लागलेली असते, विचार करा. अर्ज नाकारला, कारण अज्ञात. रस्ता बंद, कारण अज्ञात. आणि दारापुढे उभा असलेला माणूस स्वतःचंच काही चुकलं का, म्हणून आपले कागद पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

कारण लिहायला दहा सेकंद लागतात. दार लावायचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने तेवढं लिहावं. ते लिहिलं तर बाहेरच्याला थांबायचं की दुसरीकडे जायचं हे स्वतः ठरवता येतं.

भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना पुढे दिलं. विभागातल्या त्याच संगणकासमोर त्यांना बसवलं, एलपीस्टॅट लिहून दाखवलं, रांग दाखवली. म्हटलं, ‘भाऊ, मी यंत्र बंद केलं होतं, काम बंद केलं नव्हतं.’ ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे सर, विचारूनच बटण दाबाव लागते.’ त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत सकाळी प्रिंटर लावण्याआधी रांगेत काय आहे ते आधी बघायचे. कागदाच्या एका चिठोऱ्यावर आज्ञा लिहून ती त्यांनी पडद्याच्या कडेला चिकटवली होती.

कोणाला टर्मिनल प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी थांबा, माझा लॅपटॉप सोबत आहे. प्रिंटर मात्र आणलेला नाही. कारण सांगतो: स्कूटरवर बसत नाही.